चलनावरचा पत्ता

फेब्रुवारीचा पगार खात्यात पडला की ऑफिसातलं एखादं नवीन पोरगं माझ्या टेबलाशी येऊन उभं राहतंच. "सर, या वेळी शंभर रुपये जास्त कापलेत." मग मी त्याला समजावतो की व्यवसाय कर अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असा कापतात, वर्षाचे होतात अडीच हजार. त्याहून जास्त घ्यायची सरकारला मुभाच नाही, राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात तशी मर्यादा आहे. १९८८ ची घटनादुरुस्ती होईपर्यंत ती वर्षाला अडीचशे होती. पोरगं मान हलवून निघून जातं. त्याला राज्यघटनेशी काय करायचंय, शंभर रुपये गेले ते गेले.

यंदा पलीकडच्या टेबलावरून नाना बोलले. नाना दादरचे, निवृत्तीला आलेले, डबा आम्ही एकत्र खातो. "जातात कुठे ते पैसे, तेही सांग की त्याला. आपण इथे लोकलला लटकायचं, कर भरायचा आणि बाकीच्या महाराष्ट्राने बसून खायचं. आठ दिवस मुंबई बंद ठेवा, मग कळेल एकेकाला."

हे मी नानांकडूनच ऐकलंय असं नाही. मुंबईत जन्म गेलेल्या बऱ्याच जणांची ही पक्की समजूत आहे. आणि गावाला गेलो की पारावर याच्या बरोबर उलटं ऐकायला मिळतं: मुंबईनं पाणी नेलं, वीज नेली, पोरं नेली, आम्हाला काय ठेवलं? मी पगारपत्रकं आणि करांची चलनं करणारा माणूस. राहतो भांडुपला, गाव माण तालुक्यात. दोन्हीकडची भाषणं ऐकून घेऊन आजवर गप्प बसत आलो. पण ज्या कागदांवरून नाना हे बोलतात त्यातले काही कागद मीच तयार करतो, तेव्हा त्यावर लिहायचा मला थोडाफार हक्क आहे असं समजतो.

आधी नानांची बाजू, कारण ती खोटी नाही. देशात जमा होणाऱ्या प्रत्यक्ष करात, म्हणजे आयकर आणि कंपन्यांचा कर मिळून, एक तृतीयांशाहून जास्त वाटा एकट्या महाराष्ट्राच्या नावावर लागतो आणि त्यातला मोठा भाग मुंबईच्या आयकर कार्यालयांत भरला जातो. उलट केंद्राच्या करांतून राज्यांना जो वाटा मिळतो त्यात पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी महाराष्ट्राला ६.३१७ टक्के दिले आणि बिहारला १०.०५८. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणाचंही रक्त तापतं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते शेजारी ठेवलेलेच येतात.

आता माझ्या टेबलावरचं सांगतो. आमची कंपनी लहान आहे. ऑफिस इथे एलबीएस रोडला, कारखाना सिन्नरच्या एमआयडीसीत. पगारपत्रकावरची बहुतेक माणसं सिन्नरला. तिथला फोरमन, फिटर, क्वालिटीवाली पोरं, सगळी नाशिक जिल्ह्यातली. त्यांच्या पगारातून जो आयकर कापतो, तो पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मी इथून भरतो. कंपनीचा टॅन, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक, एकच आणि त्यावर पत्ता मुंबईचा. कंपनीचा स्वतःचा अ‍ॅडव्हान्स टॅक्स, जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या पंधरा तारखांना जातो तो, त्याचा पॅनही मुंबईच्याच अधिकाऱ्याकडे. म्हणजे सिन्नरला भट्टीपुढे उभं राहून जो नफा झाला तो कागदावर मुंबईने कमावला. नाशिकच्या खात्यात त्यातलं काही दिसत नाही.

आमच्यासारख्या चिल्लर कंपनीचं हे, तर मोठ्यांचं काय विचारता. आयुर्विमा महामंडळाचं मुख्यालय मुंबईत, स्टेट बँकेचं मुंबईत, रिलायन्सचं मुंबईत. विम्याचे हप्ते भरतात गडचिरोलीपासून गुवाहाटीपर्यंतचे शिक्षक आणि पोलीस. तेलशुद्धीकरण होतं जामनगरला. पण कर जिथून भरला ते गाव म्हणजे मुंबई. जीएसटी आल्यापासून राज्यांच्या बाबतीत चित्र थोडं बदललं, कारण तो कर माल जिथे वापरला जातो त्या राज्याकडे जातो. पण राज्याच्या आत आमचा जीएसटी क्रमांक सिन्नर आणि मुंबईला मिळून एकच. त्यातलं मुंबईचं किती आणि सिन्नरचं किती, हे माझ्या टॅलीत बघून मी सांगू शकेन, सरकारच्या पोर्टलवर बघून कोणी सांगू शकणार नाही.

तरीही मला पारावरच्या मंडळींसारखं "मुंबईचा कर म्हणजे सगळा पत्त्याचा खेळ" असं म्हणायचं नाही. पत्ता वजा केला तरी मुंबई उरतेच. इथले पगार मोठे, इथल्या घरांच्या किमती अचाट. घराच्या खरेदीखतावर मेट्रोच्या अधिभारासकट सहा टक्के मुद्रांक शुल्क लागतं ते थेट राज्याच्या तिजोरीत जातं. राज्याच्या आर्थिक पाहणीत दरडोई उत्पन्नाचा तक्ता असतो त्यात वरच्या टोकाला मुंबई, ठाणे, पुणे आणि तळाला नंदुरबार, वाशिम, गडचिरोली ही नावं वर्षानुवर्षं हलत नाहीत. ज्याच्याकडे जास्त त्याच्याकडून जास्त कर, एवढं साधं आहे ते. मुंबई राज्याला देते त्यापेक्षा कमी परत घेते, हे मला मान्यच आहे. माझं म्हणणं एवढंच की हा हिशेब फक्त रोखीचा आहे, आणि तोही जमेच्या एकाच बाजूचा.

मुंबईने बाकीच्या महाराष्ट्राला पैसे दिले याचं सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात उघड उदाहरण कुठलं म्हणाल, तर तो फेब्रुवारीचा तीनशे रुपयांचा व्यवसाय करच. नाना बोलून गेले रागाने, पण होतं बरोबर.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा माण तालुक्यात सरकारने खडी फोडायची कामं काढली होती. आईचं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. ती सासूबरोबर रस्त्याच्या कामावर जायची आणि पोरांना तिथे सुकडी मिळायची. त्याच्या आधीच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे, आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे, यांनी मांडून ठेवलं होतं की गावात राहून अंगमेहनत करायला जो तयार आहे त्याला काम देणं ही सरकारची जबाबदारी मानावी. दुष्काळाने ती कल्पना सगळ्या राज्यात पोचवली. प्रश्न पैशाचा होता. मग १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला आणि पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्याकडून हा कर घेऊन तो रोजगार हमीला लावायचं ठरलं. १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यात रोजगार हमीसाठी स्वतंत्र निधी ठेवलाय, आणि या करांचे जितके पैसे जमतील तितकीच भर सरकारने आपल्या बाजूने घालायची असं लिहिलंय. मागेल त्याला काम. देशाने हे २००५ मध्ये केलं, महाराष्ट्राने त्याच्या पाव शतक आधी.

केवळ व्यवसाय करच नाही. आमच्या ऑफिसच्या गाळ्याचं मालमत्ता कराचं बिल महापालिकेकडून येतं, ते मी दर सहामाहीला फाइलला लावतो. त्यावर एकाखाली एक ओळी असतात: सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, महापालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, आणि त्याच्याखाली रोजगार हमी उपकर. राहत्या घराच्या बिलात हा शेवटचा लागत नाही, गाळ्याच्या बिलात लागतो. नानांना ती ओळ दाखवली तर म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?"

म्हटलं होतं खरं. पण तो पैसा गावात पोचल्यावर काय झालं तेही सांगायला हवं. आमच्या गावचा पाझर तलाव रोजगार हमीतून झाला. पुढे आईने त्याच्यावर काम केलंय, पाट्या वाहिल्यात. मुकादम हजेरीपट घेऊन बसायचा, मापं घेतली जायची आणि खोदाई भरली तरच पूर्ण मजुरी पडायची. बाईला आणि गड्याला दर एकच, ही गोष्ट तेव्हाच्या शेतावरच्या मजुरीत कुठेही नव्हती. त्याच काळात तात्या, माझे वडील, परळच्या गिरणीत साच्यावर होते. त्यांच्या पगारातून व्यवसाय कराचे काही रुपये कापले जायचे. म्हणजे नवऱ्याच्या पगारातून मुंबईत कापलेला कर बायकोला गावाकडे मजुरी म्हणून मिळत होता, मधे मंत्रालय होतं इतकंच. एकदा मी आईला हे सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, तुला मिळायचे ते पैसे मुंबईचे होते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मुंबईचं असूं दे न्हाईतर दिल्लीचं. पाटी उचलल्याबिगर कुनी दमडी दिली न्हाई."

नानांच्या "बसून खायचं" या शब्दांवर माझा राग आहे तो एवढ्यासाठीच. आणि शहरातल्या आमदारांनी तेव्हा हा कर मुकाट्याने मान्य केला त्यात निव्वळ दया होती असंही मला वाटत नाही. दुष्काळात माणसांचे लोंढे मुंबईकडे निघाले तर ते फुटपाथवर, नाल्याकाठी येऊन पडणार, हे सगळ्यांना दिसत होतं. गावात पाझर तलाव झाला तर मुंबईची एक झोपडपट्टी वाचते. ज्याने हा सौदा ठरवला त्याला हिशेब येत होता. त्या निधीत पैसे जमले तितके कामांवर गेले नाहीत, शिल्लक साचत राहिली, ही तक्रारही जुनी आहे. ती मुंबईकराने करावी तशी माणदेशीनेही करावी.

आता ज्या गोष्टी कुठल्याच चलनावर येत नाहीत त्या.

तात्या मुंबईत आले ते अठराव्या वर्षी, अंगापिंडाने तयार होऊन. त्यांना वाढवलं गावाने. मुंबईत ते गाळ्यात राहायचे, एका खोलीत दहा-पंधरा माणसं पाळ्या लावून झोपणारी, जेवण खानावळीत. बायकोपोरं गावाला. गिरणीमालकाला पगार देताना फक्त एका माणसाच्या पोटाचा विचार करावा लागायचा, कारण बाकी कुटुंब गावच्या ज्वारीवर जगत होतं. कोकणातल्या घरोघरीही तेच. आपण मनीऑर्डरीचं कौतुक करतो, आणि ते खरंही आहे, पोस्टमनची वाट बघणं मला आठवतं. पण त्या मनीऑर्डरीत घराचं भाडं, पोरांच्या शाळा, म्हाताऱ्यांची आजारपणं हे सगळं भागत नव्हतं. ते गाव भागवत होतं आणि म्हणून मुंबईला मजूर स्वस्त पडत होता.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार बाहेर पडले. मुंबईत बिनपगारी राहणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे हजारो माणसं गावाला परतली. तात्याही आले. ज्वारी काढली, दुसऱ्याच्या विहिरीवर खोदाईला गेले, एक म्हैस विकली. इतिहासातला एवढा लांबलेला संप कामगारांनी कशाच्या जोरावर ओढला, असं विचारतात. त्याचं निम्मं उत्तर गावातल्या कणगीत आहे. त्या काळात मुंबईच्या कामगाराला पोसणाऱ्या सातारा, रत्नागिरी, सिंधुदुर्गाच्या नावावर कुणी एक रुपया जमा दाखवलेला नाही. पुढे त्या गिरण्यांच्या जमिनींवर जे टॉवर आले त्यांचं मुद्रांक शुल्क मात्र पूर्ण मुंबईच्या नावावर आहे. २०२० च्या टाळेबंदीत तेच पुन्हा बघितलं, फक्त या वेळी चालत निघालेली माणसं बहुतेक उत्तरेकडची होती.

पाण्याचं तर विचारूच नका. मी भांडुपला राहतो, म्हणजे मुंबईच्या पाण्याच्या नळावरच बसलोय. भांडुप संकुलात पाणी शुद्ध होतं आणि तिथून शहराला जातं. विहार आणि तुळशी ही दोन छोटी तळी सोडली तर मुंबई पिते ते पाणी बाहेरचं: तानसा, मोडक सागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, भातसा. रोजच्या पुरवठ्यातला निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा, आणि भातसा शहापूर तालुक्यात. आमच्या डिस्पॅचमधला दीपक खर्डीहून कसारा लोकलने येतो. एप्रिल-मे मध्ये त्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवर टँकर लागतात. एवढी धरणं तालुक्यात आणि त्याच तालुक्यासाठी इगतपुरीकडच्या भावली धरणातून पाणी आणायची योजना आखावी लागली. दीपक हे तक्रार म्हणून सांगत नाही, जोक म्हणून सांगतो. पालिका भातसाच्या पाण्याचे पैसे भरते, पण ते राज्याच्या जलसंपदा खात्याला. शहापूरच्या पंचायत समितीला त्यातलं काही दिसत नाही.

विजेचं आणखी जुनं आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी सह्याद्रीवर धरणं बांधली. १९१५ मध्ये खोपोली सुरू झालं, मग भिवपुरी, मग भिरा. भिऱ्यासाठी मुळशी खोऱ्यातली पन्नासएक गावं पाण्याखाली गेली, आणि त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला. धरणाविरुद्धचा तो जगातला पहिल्या काही लढ्यांपैकी एक म्हणतात. लढा हरला. मुळशीचं पाणी मुळातलं भीमेचं. ते डोंगराखाली सोडून वीज केली जाते आणि मग ते कुंडलिकेतून समुद्राला जातं. कोयनेचंही तसंच. कृष्णा खोऱ्यातलं पाणी पोफळीला उतरतं, वीज करून वाशिष्ठीतून चिपळूणवरून खाडीत. कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने पश्चिमेकडे वळवायला जे पाणी मंजूर केलं ते ६७.५ टीएमसी. माझा माण तालुका त्याच सातारा जिल्ह्यात, माणगंगा भीमेला मिळते, आणि आमच्याकडे उरमोडीचं आणि जिहे-कठापूरचं पाणी उपसा करून कधी पोचणार यावर निवडणुकांमागून निवडणुका लढवल्या गेल्या. कोयनेची वीज राज्यभर जाते, तिच्यावर माझ्या गावची गिरणीही चालते, हे कबूल. पण सिंचनाला मुकलेल्या पाण्याची किंमत विजेच्या दरात कधी धरली का, विचारून बघा.

विदर्भवाले तर म्हणतील की तुम्ही साताऱ्याचे काय रडता. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. राख त्यांची, उन्हाळा त्यांचा. तिथून जवळजवळ साडेसातशे किलोमीटरची उच्चदाबाची एक लाइन थेट ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याला आणून सोडलीय, वाटेत कुठेही न थांबता. २००५ च्या पुढेमागे राज्यात आठ-आठ, बारा-बारा तास भारनियमन चालायचं तेव्हा बेस्ट आणि टाटाच्या मुंबईत दिवे चालू होते. गावाला फोन लावला की आई पहिलं विचारायची, "तुमच्यात लाईट हाय का?" आहे म्हणायची लाज वाटायची.

याच विजेत एक गंमत आहे आणि ती मला भांडुपला राहत असल्यामुळे माहीत आहे. शेतीपंपाला स्वस्त वीज देण्यासाठी महावितरण कारखानदार आणि दुकानदारांकडून जास्त दर घेतं, उरलेलं सरकार भरतं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना बिलच माफ केलंय. पण मुंबईत महावितरणची वीज आहे ती फक्त भांडुप-मुलुंड पट्ट्यात. बाकी शहर बेस्ट, टाटा आणि अदानीकडे. म्हणजे विजेच्या बिलातून शेतकऱ्याचा पंप चालवणारा मुंबईकर हा भांडुपचा वर्कशॉपवाला, मलबार हिलचा शेठ नव्हे. दादरच्या नानांचं बिल बेस्टचं. मी त्यांना हे सांगितलं तेव्हा डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवली, बोलले काही नाहीत.

आणि जकात? मुलुंड नाक्यावर ट्रकांच्या ज्या रांगा लागायच्या त्या आमच्या पिढीला सांगायला नकोत. ऐरोली, मानखुर्द, दहिसर, तिथेही तेच. आमचा सिन्नरचा टेम्पो यायचा तेव्हा त्याच्या कागदांसाठी मी स्वतः नाक्यावर उभा राहिलोय, बीजक, जकातीचा फॉर्म, एजंट, चहा, पुन्हा खिडकी. बाहेरून येणाऱ्या मालावर मुंबई कर घेत होती आणि पालिकेचं ते सगळ्यात मोठं उत्पन्न होतं. १ जुलै २०१७ ला जकात गेली, आणि तिच्या बदल्यात राज्य सरकारने पालिकेला भरपाई सुरू केली. पहिला धनादेश महिन्याचा सुमारे ६४७ कोटींचा होता. दरवर्षी त्यात वाढ. तर सध्या दर महिन्याला राज्याच्या तिजोरीतून मुंबई महापालिकेला पैसे जातात, जिचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं. नंदुरबारकडून वसूल करून मुंबईला देतात असं म्हणायचं नाही मला, कारण मूळ जीएसटीत मुंबईची खरेदी आहेच. पण बाण एकाच दिशेने जातो असं नाही. अटल सेतूला सुमारे १७,८४० कोटी लागले, भुयारी मेट्रोला ३७ हजार कोटींच्या वर. हे बरंचसं कर्ज काढून झालं, आणि कर्जाच्या मागे नाव केंद्राचं आणि राज्याचं, म्हणजे वाशिमचंही.

लंडनमध्ये हाच वाद चालतो. लंडन सगळ्या ब्रिटनला पोसतं म्हणून तिथलेही नाना बोलतात. फरक एवढा की तिथलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय प्रदेशवार जमाखर्च प्रसिद्ध करतं, आणि तो करताना कंपनीचा कर मुख्यालयाच्या पत्त्यावर न टाकता काम आणि नफा कुठे होतो त्या अंदाजाने प्रदेशांत वाटून टाकतं. एवढं करूनही लंडन शिलकीत आणि उत्तरेकडचे प्रदेश तुटीत निघतात. म्हणजे तो दावा टिकला, पण निदान बरोबर वजाबाकी करून टिकला. आपल्या राज्याच्या अर्थसंकल्पात खर्च जिल्हावार थोडाफार सापडतो. जमा बाजू जिल्हावार मांडलेली नसते.

खर्चाच्या बाजूला मात्र आपल्याकडे भांडणं जुनी आहेत. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं आश्वासन होतं, घटनेत त्यासाठी कलम ३७१ (२) आलं. १९८४ मध्ये दांडेकर समितीने मागे पडलेल्या भागांचा विकासाचा अनुशेष मोजला तो तीन हजार कोटींच्या वर निघाला, १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. मुंबईचा पैसा मुंबईबाहेर निघाला तरी तो गरिबाच्या दारात पोचलाच असं नाही, हे विदर्भ-मराठवाड्याचं गाऱ्हाणं मला नानांच्या गाऱ्हाण्यापेक्षा जड वाटतं. आम्ही पश्चिम महाराष्ट्रवाले इथे जरा खाली मान घालतो. माण-खटाव कोरडे असले तरी जिल्हा शेवटी साताराच, मुख्यमंत्री देणारा.

एक गोष्ट मला कळत नाही. बिहारला दहा टक्के का, असं विचारणारे आणि मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचं नाव काढाल तर बघा, असं म्हणणारे माझ्या ओळखीत तेच ते लोक आहेत. दुसऱ्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करायचं ठरत होतं तेव्हा देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख पद सोडून आले, आणि ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले, मुंबईत किती पैसा आहे ते त्यांना नानांपेक्षा नक्कीच जास्त माहीत होतं. १०५ माणसांनी जीव दिला तो मुंबईचं उत्पन्न मुंबईतच राहावं म्हणून नव्हे. पण जी मुंबई माणची आहे ती त्याच न्यायाने थोडी बिहारातल्या मधुबनीचीही होते, तिथलीही तयार पोरं इथे येतात, तिथलीही गावं त्यांची म्हातारपणं सांभाळतात. हे मी नानांना अजून बोललेलो नाही. डबा एकत्र खायचा असतो.

मला विचाराल तर एक छोटी गोष्ट लगेच करता येईल. गाळ्याच्या बिलावर रोजगार हमीची ओळ आहे तशी मुंबईच्या पाणीपट्टीवर एक ओळ असावी, शहापूर, मोखाडा, वाडा या तालुक्यांतल्या नळयोजनांसाठी. घरटी महिन्याला पाच-दहा रुपये. गारगाई धरणाचा प्रस्ताव पुन्हा पुढे सरकतोय, वाडा तालुक्यातली आणखी काही गावं उठणार, तेव्हा तर ती ओळ आधी हवी. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढून पाहिला. सेक्रेटरी म्हणाले, "साहेब, आधी आपल्या वरच्या टाकीची गळती बघू या, रोज किती पाणी वाया जातंय." दोन कोटेशनं मागवायचं ठरलं. एक आलंय, दुसरा प्लंबर गावाला गेलाय, भातलावणीला.